उत्तर कुणाकडे मागायचं?

राधानगरीत एसटी स्टँडपासून जवळच माझं फॉर्म भरण्याचं आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. गेल्या वर्षी एका संध्याकाळी शिष्यवृत्तीचे कागद घेऊन तीन मुली समोर बसल्या होत्या आणि माझा धाकटा भाऊ धापा टाकत आत शिरला. "आपा, बघ बघ, त्यानं मला उत्तर दिलं!" त्यानं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. एका नावाजलेल्या क्रिकेटपटूच्या प्रत्येक फोटोखाली हा गेली तीन वर्षं न चुकता काहीतरी लिहितो. त्या खात्यावरून त्याच्या कमेंटला पहिल्यांदाच उत्तर आलं होतं. उत्तर म्हणजे काय, तर एक लाल बदाम आणि जोडलेले दोन हात.

त्या बदामाचा स्क्रीनशॉट त्यानं स्टेटसला ठेवला. गल्लीतली पोरं जमली. अम्मीलाही दाखवून झालं. तिनं चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "ह्यात लिहिलंय काय?"

रात्री जेवताना मात्र तो गप्प होता. मग हळूच म्हणाला, "आपा, ते उत्तर सव्वासहाला आलंय. तेव्हा तो मैदानात फिल्डिंग करत होता. मी स्वतः मॅच बघत होतो."

मी काही बोलले नाही. त्यानंच पुढचा प्रश्न विचारला. "मग बदाम कुणी पाठवला?"

हा लेख त्या प्रश्नावर आहे. मोठी माणसं आणि मोठ्या कंपन्या आपल्याला सोशल मीडियावर उत्तर देतात का? देतात तेव्हा कोण देतं, कुणाला देतं आणि कधी देतं? आणि आपण, महाराष्ट्रातली मुस्लिम तरुण मुलंमुली, त्या उत्तराची एवढी वाट का बघतो?

आधी साधा हिशोब करू. १ ऑगस्ट २०२४ ला आमच्याच तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीचं कांस्यपदक जिंकलं. त्या दिवशी राधानगरी तालुक्यात ज्याच्या हातात मोबाईल होता, त्यानं अभिनंदन लिहिलं असेल. राज्यातून, देशातून लिहिणारे वेगळे. समजा एखाद्या खेळाडूला अशा दिवशी फक्त दहा हजार संदेश आले आणि एकेक वाचून उत्तर द्यायला अर्धा मिनिट लागला. पाच हजार मिनिटं झाली, म्हणजे त्र्याऐंशी तासांहून जास्त. रोज आठ तास नुसता मोबाईल घेऊन बसला, तरी दहा दिवस पुरायचे नाहीत. मग त्यानं सराव कधी करायचा? उत्तर आलं नाही म्हणजे माणूस मस्तावला, असं आपण फार पटकन म्हणतो. बहुतेक वेळा तो माणूस फक्त मोजणीत हरलेला असतो.

म्हणूनच मोठ्या नावांची खाती सांभाळायला माणसं नेमलेली असतात. कुठली कमेंट वर आणायची, कुणाला बदाम पाठवायचा, कुठला संदेश तसाच सोडायचा, हे ती ठरवतात. काही जण स्वतःही लिहितात. शाहरुख खान ठरावीक मिनिटं जाहीर करून लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देतो आणि त्याची हजरजबाबी उत्तरं आपण सगळे एकमेकांना पाठवतो. पण २०२३ मध्ये 'पठाण', 'जवान' आणि 'डंकी' आले, तेव्हा हे तास सिनेमांच्या आगेमागेच येत होते, हेही आपण पाहिलंय. त्यात वाईट काही नाही. तो त्याच्या धंद्याचा भाग आहे आणि तो ते आनंदानं करतो. हजारो प्रश्नांतून मोजक्यांना उत्तर मिळतं, बाकीचे पुढच्या वेळेची वाट बघतात. ही सोडत आहे. सोडतीत नंबर लागला तर जरूर खूश व्हावं, पण लागला नाही म्हणून कुणी आपला हक्क मारला, असं होत नाही.

कंपन्यांचं गणित वेगळं आहे. फेसबुकवर ज्या पानानं नव्वद टक्के संदेशांना उत्तर दिलं आणि तेही पंधरा मिनिटांच्या आत, त्याला 'तत्पर' म्हणून हिरवा शिक्का मिळायचा. पंधरा मिनिटांत तक्रार सुटत नाही, पण "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, कृपया आपला नंबर आम्हाला खासगी संदेशात पाठवा" एवढं लिहून नक्की होतं. हे वाक्य तुम्ही कितीदा वाचलंय? ते तुमच्यासाठी लिहिलेलं नसतं. ते त्या पानावर येऊन बघणाऱ्या बाकीच्या हजार गिऱ्हाइकांसाठी असतं. तुम्हाला गर्दीतून बाजूला घ्यायचं आणि गर्दीला दिसलं पाहिजे की आम्ही ऐकतो.

त्याची किंमत आमच्या शेजारच्या खालानं मोजली. खाला शिवणकाम करते. तिनं मशीनला लावायची मोटर ऑनलाइन मागवली, ती आली ती बंदच. माझ्या भावानं मोठ्या उत्साहानं त्या कंपनीच्या पानावर जाहीर तक्रार लिहिली आणि खाली खालाचा मोबाईल नंबर टाकला. पाऊण तासात फोन आला. गोड आवाज, स्वच्छ हिंदी. "मॅडम, तुमची तक्रार आम्ही बघितली, पैसे परत करतोय, एक ॲप घ्या आणि आलेला आकडा सांगा." खालाला वाटलं, मोठी कंपनी आहे, लगेच दखल घेतली. चार हजार आठशे रुपये गेले. तो फोन कंपनीचा नव्हताच. अशा पानांवर कोण तक्रार करतंय, कोण नंबर टाकतंय, हे बघत बसणारे भामटे असतात. उत्तराची वाट बघणारा माणूस त्यांना लांबून ओळखू येतो.

त्या रात्री आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, बँकेला कळवलं. ते पैसे अजून अडकलेले आहेत. पण मोटरचे पैसे परत आले. ते कसे, ते पुढे सांगते. आधी आमच्या धरणाकडे जाऊ.

राधानगरी हे नावच शाहू महाराजांच्या लेकीवरून, राधाबाईंवरून पडलं. महाराजांनी हाती घेतलेलं भोगावतीवरचं धरण आजही कोल्हापूरला पाणी पुरवतं. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे बघायला पावसाळ्यात लांबून लोक येतात. ते उघडायला कुणी बटण दाबत नाही. पाण्याची पातळी ठरावीक रेषेवर गेली की दार आपोआप उघडतं आणि पातळी उतरली की आपोआप मिटतं. कुठल्या ओढ्याचं पाणी आहे, कुणाच्या शेतातून आलं, हे दार विचारत नाही. त्याला फक्त दाब कळतो.

कंपन्यांची उत्तरं मला या दारांसारखी वाटतात. आमच्या जिल्ह्यानं २०२५ मध्ये ते डोळ्यांनी पाहिलं. शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठात तीसहून अधिक वर्षं राहिलेली महादेवी हत्तीण, लोक जिला माधुरी म्हणतात, न्यायालयाच्या आदेशानं जुलै महिन्यात जामनगरच्या 'वनतारा'त नेली गेली. वनतारा हा अंबानींचा प्रकल्प, म्हणून राग जिओवर निघाला. लोकांनी सिमकार्डं बदलायला सुरुवात केली. सह्यांची मोहीम निघाली, दोन लाखांहून जास्त सह्या जमल्या. ३ ऑगस्टला हजारो माणसं नांदणीहून कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत सुमारे ४५ किलोमीटर चालत आली. आणि मग दार उघडलं. वनताराचे अधिकारी कोल्हापुरात आले. आपण न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे वागलो, असं सांगतानाच संस्थेनं लोकांच्या भावना दुखावल्याबद्दल जैन परंपरेतले क्षमेचे शब्द वापरून दिलगिरी व्यक्त केली आणि नांदणीजवळच हत्तीसाठी केंद्र उभारण्याचा प्रस्ताव ठेवला. राज्य सरकारनंही पुन्हा सर्वोच्च न्यायालयात जायची तयारी दाखवली.

हत्तीणीचं भलं कशात होतं, हा वेगळा वाद आहे. तिच्या तब्येतीबद्दल न्यायालयापुढे गंभीर मुद्दे आले होते आणि ते नुसत्या भावनेनं खोडता येत नाहीत. आपल्याला उत्तर मिळालं म्हणजे आपण बरोबर होतो, असं होत नाही, ही गाठ पक्की बांधून ठेवा. पण उत्तर कशानं मिळालं, ते बघा. त्या दिवसांत लाखो कमेंटी पडल्या असतील. दार उघडलं ते सही करणाऱ्या हातांनी, चाललेल्या पायांनी आणि बदललेल्या सिमकार्डांनी. त्या गर्दीत सगळ्या जातिधर्मांची माणसं होती. 'हा जैनांचा प्रश्न' असं म्हणून कोल्हापूरकर घरी बसला नाही. आपल्या प्रश्नांना लोकांनी साथ द्यावी, असं आपल्याला वाटतं ना? मग दुसऱ्याच्या प्रश्नात आपण किती किलोमीटर चालतो, हेही विचारायला हवं.

दाब कुठूनही येतो, चांगल्या बाजूनं आणि वाईटही. आपल्या वाट्याला दोन्ही आलंय. जून २०१८ मध्ये एका बाईंनी एअरटेलकडे तक्रार केली. उत्तर द्यायला आलेला कर्मचारी मुसलमान आहे हे नावावरून कळल्यावर त्यांनी हिंदू कर्मचारी मागितला आणि थोड्या वेळानं खरोखर दुसऱ्या नावाच्या माणसानं उत्तर दिलं. देशभरातून टीका झाली, तेव्हा कंपनीनं सांगितलं की आम्ही धर्म बघून भेद करत नाही. जुलै २०१९ मध्ये जबलपूरच्या एका गिऱ्हाइकानं जेवण आणणारा मुलगा हिंदू नाही म्हणून ऑर्डर रद्द केली. झोमॅटोनं जाहीर उत्तर दिलं की अन्नाला धर्म नसतो, अन्न हाच धर्म आहे. आपण सगळ्यांनी ते उत्तर छातीला लावून फिरवलं. मीही फिरवलं होतं. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०२० मध्ये, तनिष्कनं मुस्लिम सासरी हिंदू सुनेच्या डोहाळजेवणाची जाहिरात केली. आरडाओरडा झाला आणि कंपनीनं ती जाहिरात मागे घेतली. कारण देताना दुखावलेल्या भावनांबरोबर आपल्या कर्मचाऱ्यांची काळजीही त्यांनी सांगितली.

या गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघा. त्यात कुणी आपला दोस्त नाही आणि कुणी जन्माचा दुश्मनही नाही. पाणी जिकडून चढलं, तिकडचं दार उघडलं. म्हणून एखाद्या कंपनीच्या एका गोड ट्वीटवर आपण आपली इज्जत गहाण ठेवू नये. त्याच झोमॅटोनं मार्च २०२४ मध्ये फक्त शाकाहारी जेवण पोचवणाऱ्यांसाठी वेगळा हिरवा गणवेश जाहीर केला. लाल कपड्यातल्या पोराला सोसायटीच्या फाटकावरच अडवतील, त्याची रोजी जाईल, असं लोकांनी लक्षात आणून दिलं आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीनं हिरवा गणवेश रद्द केला. मला या दोन उत्तरांत दुसरं जास्त मोलाचं वाटतं. पहिल्यात सुंदर वाक्य होतं. दुसऱ्यात उन्हापावसात गाडी चालवणाऱ्या पोरांच्या पोटाचा विचार होता आणि तो लोकांनी करायला लावला.

आता जरा अवघड गोष्टीकडे येते. आपल्यातली बरीच मुलं नटांच्या पानांवर जातात ती बदामासाठी नाही. ती लिहितात, "खानसाहेब, आता तरी बोला." कुठे कुणाला मारहाण झाली, कुठे कुणाचं घर पडलं, की या कमेंटींचा पूर येतो. उत्तर येत नाही. मग शिव्या सुरू होतात, घाबरट, विकलेला, स्वतःपुरतं बघणारा.

या मागणीमागचं दुःख मला कळतं. टीव्हीवर आपल्याबद्दल सगळे बोलतात, आपल्याशी कुणी बोलत नाही. अशा वेळी आपल्यातलाच एक माणूस, ज्याचं ऐकायला जग थांबतं, त्यानं दोन शब्द बोलावेत असं वाटणारच. पण जे बोलले त्यांचं काय झालं, तेही आठवा. नोव्हेंबर २०१५ मध्ये आमिर खान एका जाहीर कार्यक्रमात देशातल्या वातावरणाबद्दल मनातलं बोलला. लोकांनी राग काढला तो स्नॅपडीलवर, कारण तो त्यांची जाहिरात करायचा. हजारोंनी त्या ॲपला एक तारा दिला, ॲप काढून टाकलं. कंपनीनं घाईघाईनं खुलासा केला की त्याच्या बोलण्याशी आमचा संबंध नाही. पुढच्या वर्षी करार वाढवला गेला नाही. त्याच महिन्यात शाहरुखही वाढत्या असहिष्णुतेबद्दल बोलला होता आणि त्यालाही पाकिस्तानात जायचे सल्ले मिळाले.

म्हणजे बोलू नये का? बोलावं, ज्याला जमेल त्यानं जरूर बोलावं आणि बोलणाऱ्याला आपण एकटं सोडू नये. पण नटाला आपण वकील नेमलेलं नाही. त्यानं आपल्याकडून मत घेतलेलं नाही, कर घेतलेला नाही. तिकिटाचे पैसे घेतले आणि सिनेमा दाखवला, व्यवहार तिथे संपला. ज्यांनी मतं घेतली आणि जे कर घेतात, त्यांच्या पानावर आपण किती वेळा जातो? नटाला रोज लिहिणाऱ्या माझ्या भावाला मी विचारलं, "आपल्या आमदाराला, खासदाराला तू आयुष्यात कधी एक पत्र लिहिलंयस?" तो हसला. "त्यांनी उत्तर दिलं असतं व्हय?"

काही मंत्री उत्तर द्यायचे, हेही खरं आहे. सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना प्रवासी धावत्या गाडीतून लिहायचे आणि पुढच्या स्टेशनवर मदत पोचायची. परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज परदेशात अडकलेल्यांना स्वतः उत्तरं द्यायच्या. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्यांची मूत्रपिंडं निकामी झाल्याचं त्यांनी कळवलं, तेव्हा मूत्रपिंड देऊ करणाऱ्यांत मुसलमानही होते. मूत्रपिंडावर धर्माचं लेबल नसतं, असं त्यांनी त्यांना लिहिलं. ते वाचून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. पण २०१८ मध्ये लखनौच्या एका हिंदू-मुस्लिम जोडप्याचा पासपोर्ट मिळवून दिला गेला, तेव्हा त्याच स्वराजबाईंवर घाणेरड्या शिव्यांचा पाऊस पडला. अशा भाषेला तुमची मान्यता आहे का, असा कौल त्यांनी ट्विटरवर घेतला. ५७ टक्के 'नाही' म्हणाले, ४३ टक्के 'हो'.

तो आकडा मला अजून टोचतो. आणि त्यातून एक गोष्ट शिकायला मिळते. भल्या माणसाचं उत्तर ही मेहेरबानी असते आणि मेहेरबानी माणसाबरोबर जाते. मंत्री बदलला, तब्येत बिघडली, वारं फिरलं, की खिडकी बंद. शिवाय ज्याच्याकडे ट्विटर आहे त्यालाच ती उघडते. दाजीपूरच्या जंगलालगतच्या वाडीत जिथे रेंजच नाही, तिथल्या म्हातारीनं कुणाला टॅग करायचं?

म्हणून उत्तर मेहेरबानीनं नको, हक्कानं हवं. आणि असे हक्क आपल्याकडे आहेत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानं सरकारी कार्यालयाला तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत. उत्तर आलं नाही तर अपील आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. दाखला किती दिवसांत द्यायचा, हे त्यात ठरलेलं असतं. ऑनलाइन विकणाऱ्या कंपन्यांना २०२० च्या नियमांनी तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. सोशल मीडिया कंपन्यांनाही २०२१ च्या नियमांप्रमाणे चोवीस तासांत पोच आणि साधारण तक्रारीचा ठरावीक मुदतीत निपटारा बंधनकारक आहे. तुमच्याबद्दल कुणी घाण पसरवत असेल तर खाली भांडत बसण्याआधी ही तक्रार करा. बँकेनं तीस दिवस दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही.

खालाच्या मोटरचे पैसे असेच परत आले. कंपनीच्या संकेतस्थळावर अगदी तळाला, बारीक अक्षरात तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि मेल होता. आम्ही बिल, फोटो आणि तारीख जोडून चार ओळींचा मेल केला. १९१५ ला नोंद केली, क्रमांक घेतला. एकविसाव्या दिवशी पैसे खात्यात. जाहीर पानावरची आमची पोस्ट अजून तिथेच आहे. तिच्याखाली अजून दिलगिरीच आहे.

हे मार्ग नेहमी चालतात असं मी म्हणत नाही. रोज दुकानात बसते, त्यामुळे अर्ज कसे लोळत पडतात ते मला माहीत आहे. कधी उडवाउडवीचं उत्तर येतं, कधी येतच नाही. पण तिथे न आलेलं उत्तरसुद्धा कागदावर राहतं. पोच असते, तारीख असते, ते घेऊन वरच्या पायरीवर जाता येतं. नटानं न दिलेलं उत्तर घेऊन तुम्ही कुठल्या अपिलात जाणार?

शेवटची गोष्ट आपल्या घरातली. सलाम करणं सुन्नत आणि सलामाचा जवाब देणं वाजिब, हे आपण पोरपणापासून शिकतो. मग आपल्या जमातीच्या, ट्रस्टच्या, मदरशाच्या कारभारात हा नियम कुठे जातो? वर्गणीचा हिशोब मागितला की "तू काल आलास, तुला काय कळतंय" हे उत्तर मिळतं. मुलीनं विचारलं तर तेवढंही मिळत नाही. वक्फ बोर्डाला माहिती अधिकार लागू आहे. आपल्या गावच्या वक्फच्या जमिनीचं काय झालं, हे विचारणारा अर्ज आपल्यापैकी किती जणांनी केलाय? दूरच्या नटाला 'घाबरट' म्हणणं सोपं आहे. मोहल्ल्यातल्या मुतवल्लींना अदबीनं, पण लेखी प्रश्न विचारायला जास्त हिंमत लागते. शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात मुस्लिम मुलांसाठी बोर्डिंग सुरू करून दिलं. मुसलमान मुलं शिकत का नाहीत, या प्रश्नाला त्यांनी भाषणानं नाही, इमारतीनं आणि जेवणाच्या ताटानं उत्तर दिलं. आपल्या संस्थांकडून तशी उत्तरं मागायचा हक्क आपलाच आहे आणि ती द्यायची जबाबदारीही आपलीच.

सुरुवातीच्या त्या तीन मुलींचं सांगायचं राहिलं. त्यांची आदल्या वर्षीची शिष्यवृत्ती जमा झाली नव्हती. कार्यालयात तीनदा जाऊन आल्या होत्या, "वरून आली नाही" एवढंच ऐकून. बदामाच्या प्रकरणानंतर महिन्याभरानं माझा भाऊ स्वतःच म्हणाला, "आपा, ह्यांचा अर्ज मी लिहू का?" त्यानं तिघींकडून माहिती अधिकारात तीन अर्ज करवले. प्रश्न एकच होता, माझ्या अर्जाची आजची स्थिती काय आणि तो कुठल्या टेबलावर, कुठल्या कारणानं थांबलाय?

सत्ताविसाव्या दिवशी पाकिटं आली. दोन-दोन ओळींची कोरडी उत्तरं. दोघींचं बँक खातं आधारशी जोडलेलं नव्हतं, म्हणून पैसे परत गेले होते. हे त्यांना वर्षभरात कुणीही सांगितलं नव्हतं. त्यांनी बँकेत जाऊन ते काम केलं. तिसरीचा अर्ज कॉलेजच्या पातळीवरच पडून होता, तिचं भांडण अजून चालू आहे.

भाऊ ते पत्र बराच वेळ उलटसुलट बघत होता. खाली सही होती, तिच्याखाली हुद्दा, जावक क्रमांक, गोल शिक्का. त्यानं त्याचाही फोटो काढला. मी विचारलं, "हेपण स्टेटसला ठेवणार काय?"

"नाही," तो म्हणाला. "फाईलला लावायला. तिसरीच्या अपिलात लागेल."